रेतिया : दक्षिण जर्मनीतील प्राचीन रोमन प्रांताचा भूगोल आणि त्याच्या चार सीमा

म्युनिक, आउग्सबुर्ग, उल्म किंवा रेगेन्सबुर्ग येथे राहणारा मराठी माणूस आपला पत्ता ‘बायर्न’ किंवा ‘बाडेन-व्युर्टेमबेर्ग’ असा सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी या भूभागाचे नाव वेगळे होते. आल्प्सच्या उत्तर उतारापासून डॅन्यूबपर्यंत आणि पुढे डॅन्यूबही ओलांडून पसरलेल्या या प्रदेशाला रोमन लोक ‘रेतिया’ म्हणत. आजच्या जर्मन उच्चारात ते नाव ‘रेत्सिएन’ असे होते. दक्षिण बवेरिया, वरचा स्वाबिया, पूर्व स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, ऑस्ट्रियातील फोरआर्लबेर्ग, टिरोलचा बराचसा भाग आणि आजच्या इटलीतील आदिजे नदीचे वरचे खोरे एवढा त्याचा विस्तार होता.

डॅन्यूबच्या काठाने रोमन साम्राज्याचे प्रांत एका माळेसारखे ओवलेले होते. रेतिया, नोरिकम, पॅनोनिया, डेशिया, मीशिया या क्रमाने ती माळ थेट काळ्या समुद्रापर्यंत जात असे. आग्नेय युरोपातील प्राचीन प्रदेशांच्या सीमा अभ्यासताना या माळेचे पहिले टोक समजून घेणे आवश्यक ठरते, आणि ते टोक जर्मनीत आहे. रेतियाच्या चार दिशांना चार निरनिराळ्या प्रकारच्या सीमा होत्या : पश्चिमेस जकातीची, पूर्वेस नदीची, दक्षिणेस पर्वताची आणि उत्तरेस भिंतीची. सीमा म्हणजे नेमके काय, या प्रश्नाची चार उत्तरे एकाच प्रांतात एकत्र सापडतात.

नाव आणि मूळ रहिवासी

‘रेती’ हे आल्प्समधील अनेक जमातींना मिळून दिलेले सामूहिक नाव होते. हे लोक मूळचे इट्रुस्कन असून गॉल लोकांच्या आक्रमणामुळे डोंगरात ढकलले गेले, असे लिव्ही आणि थोरला प्लिनी या रोमन लेखकांनी नोंदवले आहे. टिरोल आणि त्रेंतो परिसरात सापडलेल्या लहान लहान शिलालेखांची भाषा इट्रुस्कनशी नाते सांगणारी आहे, त्यामुळे या परंपरेला काही आधार मिळतो. आल्प्सच्या उत्तरेकडील पठारावर मात्र विंदेलिकी नावाच्या जमाती राहत. प्रांताला नाव मिळाले डोंगरातल्या रेतींचे, राजधानीला मिळाले पठारावरच्या विंदेलिकींचे. आजच्या आउग्सबुर्गचे रोमन नाव ‘आउगुस्ता विंदेलिकुम’ होते.

सम्राट ऑगस्टसचे सावत्र मुलगे द्रूसस आणि तिबेरियस यांनी इ.स.पू. १५ मध्ये एकाच उन्हाळ्यात हा प्रदेश जिंकला. एक सैन्य आल्प्सच्या खिंडीतून उत्तरेकडे उतरले, दुसरे पश्चिमेकडून बोडनझे सरोवराच्या दिशेने आले. या विजयाचे स्मारक मोनॅकोजवळच्या ला तुर्बी येथे उभारण्यात आले. त्यावर जिंकलेल्या चाळीसहून अधिक आल्पाइन जमातींची नावे कोरलेली होती. त्यांत विंदेलिकींच्या चार जमातींचाही समावेश आहे. प्रांताचे पहिले ‘सीमावर्णन’ म्हणता येईल अशी ही यादी होती. त्यात रेषा नाही, मोजमाप नाही, फक्त माणसांच्या गटांची नावे आहेत.

ही पद्धत मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्याचे वर्णन असेच येते. असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती अशी प्रदेशांची नावे आणि सह्य, विंध्य अशी पर्वतांची नावे सांगितली की राज्य कुठवर पोहोचले ते ऐकणाऱ्याला कळे. पैठण आणि तेर येथून भडोचकडे माल जात होता त्याच शतकांत रेतिया हा रोमन प्रांत आकाराला येत होता. दोन्हीकडे राज्याची कल्पना लोक, नद्या आणि डोंगर यांच्या नावांतून उभी राहत होती.

भूरचना

रेतियाचे तीन नैसर्गिक पट्टे पडतात. दक्षिणेस उंच आल्प्स, त्यातील खोल दऱ्या आणि मोजक्या खिंडी. मध्यभागी आल्प्सच्या पायथ्याचे पठार, म्हणजे हिमनद्यांनी आणलेल्या दगडगोट्यांचा, सरोवरांचा आणि दलदलींचा प्रदेश. आजचे म्युनिक आणि आल्गॉय याच पट्ट्यात येतात. उत्तरेस डॅन्यूबचे खोरे आणि त्यापलीकडे स्वाबियन व फ्रांकोनियन आल्ब हे चुनखडीचे डोंगर.

या भूमीचा कल उत्तरेकडे आहे. इलर, लेख, इझार आणि इन या नद्या आल्प्समध्ये उगम पावून डॅन्यूबला मिळतात. त्यामुळे रेतियातील मुख्य वाटा दक्षिणोत्तर धावत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वाट म्हणजे ‘विया क्लाउदिया आउगुस्ता’. द्रूससने युद्धानंतर उघडलेला हा मार्ग त्याचा मुलगा सम्राट क्लॉडियस याने इ.स. ४६-४७ मध्ये पक्का केला, असे त्याच्या मैलाच्या दगडांवरील कोरीव मजकूर सांगतो. उत्तर इटलीच्या मैदानातून निघून रेशन आणि फर्न या खिंडी ओलांडत हा रस्ता फ्युसेनजवळ पठारावर उतरे आणि लेख नदीच्या काठाने आउग्सबुर्गमार्गे डॅन्यूबपर्यंत जाई.

प्रांताचा प्रमुख सुरुवातीला सेनेटर वर्गातील नव्हता. तो ‘एक्विटिस’ या दुय्यम मानाच्या वर्गातून नेमला जाई, कारण रेतियात तेव्हा एकही पूर्ण लेगियन तैनात नव्हती. भूगोलतज्ज्ञ स्ट्रॅबो याने उल्लेखिलेले कांबोदुनुम, म्हणजे आजचे केम्प्टन, हे आरंभीच्या काळातील महत्त्वाचे शहर होते. पुढे आउग्सबुर्गचे महत्त्व वाढले आणि सम्राट हेड्रियनच्या काळात त्याला नगराचा अधिकृत दर्जा मिळाला.

पश्चिम सीमा : जकातीचा नाका

पश्चिमेस रेतियाची सीमा आजच्या स्वित्झर्लंडमधून जात होती. पलीकडे हेल्व्हेटी लोकांचा मुलूख होता, जो पुढे ‘वरचा जर्मानिया’ या प्रांतात गेला. ही सीमा दाखवणारी भिंत किंवा खंदक कुठेही नाही. तिचा सर्वांत टिकाऊ पुरावा एका गावाच्या नावात आहे. टुरगाउ परगण्यातील प्फिन या गावाचे नाव लॅटिन ‘आद फिनेस’ या शब्दांवरून आले आहे. त्याचा अर्थ ‘हद्दीपाशी’. रोमन राज्य जाऊन दीड हजार वर्षे झाली, तरी गाव आपल्या नावातून ती हद्द अजून सांगते. आपल्याकडे शिवेवरच्या वस्तीला तिचे स्थानच नाव म्हणून चिकटते, तसाच हा प्रकार.

या सीमेचा दुसरा पुरावा झ्युरिकमधील लिंडनहोफ टेकडीवर १७४७ मध्ये सापडला. तो एका तान्ह्या मुलाचा स्मृतिदगड आहे. दीड वर्षाच्या आतच वारलेल्या या बाळाचा बाप उनिओ हा झ्युरिकच्या जकात नाक्याचा प्रमुख होता. तो ज्या कराची वसुली करी त्याचे नाव ‘गॉलचा चाळीसावा हिस्सा’, म्हणजे मालाच्या किमतीवर अडीच टक्के. याच कराचा आणखी एक नाका आल्प्सच्या दक्षिण उतारावर, आजच्या मेरानोजवळ होता. पूर्वेला पासाउजवळच्या नाक्यावर मात्र ‘इलिरियन’ जकात चाले. इतिहासकार अप्पियन सांगतो की, डॅन्यूबच्या उगमापासून काळ्या समुद्रापर्यंतच्या लोकांचा कर रोमन लोक एकत्रच वसूल करतात आणि त्याला इलिरियन कर म्हणतात. त्या लोकांत तो रेतींचीही गणना करतो.

साम्राज्याच्या हिशोबवहीत रेतिया अशा रीतीने दोन मोठ्या जकात क्षेत्रांच्या सांध्यावर उभा होता. एका बाजूला गॉल, म्हणजे पश्चिम युरोप. दुसऱ्या बाजूला इलिरिया, म्हणजे आजचा बाल्कन. साम्राज्याच्या आत माणसाला या नाक्यांवर अडवले जाई ते त्याच्याजवळच्या मालासाठी.

पूर्व सीमा : इन नदी

पूर्वेस रेतिया आणि नोरिकम यांच्यामध्ये इन नदी होती. रोमन लोक तिला ‘एनुस’ म्हणत. आल्प्समधून उतरून पठारावर आल्यापासून डॅन्यूबला मिळेपर्यंत ही नदी दोन प्रांत वेगळे करी. रोझेनहाइमजवळ तिच्यावर पूल होता आणि त्या वस्तीचे नावच ‘पोन्स एनी’, म्हणजे इनचा पूल, असे होते.

ही सीमा सर्वांत स्पष्ट दिसते ती पासाउ शहरात. डॅन्यूब आणि इन यांच्यामधील चिंचोळ्या भूशिरावर पासाउचे जुने गाव आहे. तेथे रोमन काळात बटावियन सैनिकांची छावणी होती आणि ‘बटाविस’ या नावावरूनच पासाउ हे नाव घडले. हा भाग रेतियात मोडे. इनच्या पलीकडच्या काठावर, आजच्या इनश्टाट भागात, ‘बोयोदुरुम’ ही केल्टिक नावाची वस्ती होती आणि ती नोरिकममध्ये मोडे. एकाच शहराचे दोन काठ, दोन प्रांत आणि मध्ये जकात नाका. इनश्टाटमधील उत्तर-रोमन किल्ल्याच्या जागी आज संग्रहालय आहे.

आज इन नदीचा खालचा भाग, साल्झाख नदी तिला मिळाल्यापासून पासाउच्या अलीकडेपर्यंत, जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांची आंतरराष्ट्रीय सीमा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये जर्मनीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली. व्हिएन्नाहून परतताना पासाउजवळ पासपोर्ट आणि निवास परवाना दाखवावा लागलेले वाचक अनेक असतील. नदी तीच आहे. रोमन अधिकारी गाडीतल्या मालाबद्दल विचारी, आजचा अधिकारी माणसाबद्दल विचारतो.

दक्षिण सीमा : पर्वत आणि खिंडी

दक्षिणेची सीमा नकाशावर काढणे सर्वांत कठीण. आल्प्सची मुख्य धार हीच हद्द असावी असे प्रथमदर्शनी वाटते, पण प्रत्यक्षात रेतिया धार ओलांडून दक्षिणेकडे उतरत होता. आदिजे नदीचे वरचे खोरे, म्हणजे आजचे फिन्शगाउ, रेतियात धरले जाई. मेरानोच्या आसपास इटलीची हद्द सुरू होई आणि तेथेच तो आधी उल्लेखिलेला जकात नाका होता. म्हणजे सीमा शिखरावर नव्हती. वाट जिथे दरीतून मोकळ्या मैदानाकडे वळते, जिथे थोड्या माणसांत वाहतुकीवर लक्ष ठेवता येते, तिथे ती होती.

डोंगरातल्या राज्यकर्त्यांना हे तत्त्व नेहमीच ठाऊक असते. सह्याद्रीतही देश आणि कोकण यांची हद्द घाटमाथ्याची म्हणून सांगितली जाते, पण सत्ता ठरते ती नाणेघाट किंवा बोरघाट कोणाच्या ताब्यात आहे यावर. नाणेघाटातील जकातीचा दगडी रांजण आणि सातवाहन राणीचा शिलालेख हे त्याचेच पुरावे मानले जातात. आल्प्समधील खिंडींचे महत्त्व इटलीच्या दृष्टीने असेच होते. सहाव्या शतकात इटलीचा ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक याच्या दरबारी पत्रांत रेतियाचे वर्णन इटलीचे कुलूपकडी अशा अर्थाने केलेले आहे.

उत्तर सीमा : नदीपासून भिंतीपर्यंत

उत्तर सीमा ही एकमेव सीमा अशी होती की तिच्यापलीकडे रोमन राज्य नव्हते. म्हणूनच ती सर्वांत जास्त हलली आणि तिच्यावर सर्वांत जास्त खर्च झाला.

इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास, क्लॉडियसच्या काळात, डॅन्यूबच्या दक्षिण काठावर छावण्यांची रांग उभी राहिली. तेव्हा नदी हीच सीमा होती. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून रोमन सैन्य नदी ओलांडून उत्तरेकडे सरकू लागले. आल्बचे डोंगर आणि त्यापलीकडील सुपीक जमीन ताब्यात आली. त्यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे नर्डलिंगेनभोवतीचा ‘रीस’. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्कापाताने तयार झालेले, साधारण २५ किलोमीटर व्यासाचे हे विवर उत्तम शेतजमिनीने भरलेले आहे. रोमन सीमारेषा उत्तरेकडे मोठा वळसा घेऊन हे संपूर्ण विवर पोटात घेते. सैन्याला लागणारे धान्य जवळच पिकावे, हा त्यामागचा साधा हिशोब होता.

भूगोलाच्या पुस्तकांना मात्र हा बदल पोहोचायला वेळ लागला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियात लिहिणारा टॉलेमी रेतियाची उत्तर सीमा डॅन्यूब अशीच देतो. त्याच काळात रोमन टेहळणी बुरूज नदीच्या कितीतरी उत्तरेस उभे होते.

या पुढच्या सीमेलाच ‘लीमेस’ म्हणतात. ऱ्हाइनकाठच्या राइनब्रोलपासून डॅन्यूबकाठच्या आयनिंगपर्यंत ती सुमारे ५५० किलोमीटर धावते. तिच्यावर सुमारे ९०० टेहळणी बुरूज आणि लहानमोठ्या मिळून सुमारे १२० छावण्या होत्या. तिचे दोन भाग पडतात. पश्चिमेकडील भाग वरच्या जर्मानिया प्रांतात येतो. तेथे मेढेकोट, त्यामागे खंदक आणि मातीचा बांध अशी रचना होती. पूर्वेकडील भाग रेतियाचा. तेथे आरंभी मेढेकोटच होता, पण तिसऱ्या शतकाच्या आरंभी त्याच्या जागी सुमारे तीन मीटर उंचीची दगडी भिंत बांधण्यात आली. तिची लांबी १६६ किलोमीटर होती.

दोन प्रांतांची हद्द जिथे लीमेसला मिळते ती जागा श्वेबिश ग्म्युंडजवळ, रोटेनबाख ओढ्याच्या दरीत आहे. ओढ्याच्या पश्चिमेस लाकूड आणि माती, पूर्वेस दगड. शत्रू एकच, सम्राट एकच आणि काळही एकच असताना केवळ प्रांत बदलला म्हणून बांधकामाची पद्धत बदललेली येथे दिसते. कोणत्याही मोठ्या राज्यकारभारात खाती बदलली की काय होते, हे सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

रेगेन्सबुर्गजवळ डॅन्यूब आपल्या सर्वांत उत्तरेकडील वळणावर येते. मार्कोमानी युद्धांच्या काळात, इ.स. १७९ मध्ये, सम्राट मार्कस ऑरेलियसने तेथे तिसऱ्या इटालिका लेगियनसाठी सुमारे सहा हजार सैनिकांचा किल्ला पूर्ण केला. त्या बांधकामाचा शिलालेख आजही उपलब्ध आहे आणि किल्ल्याच्या ‘पोर्ता प्रेटोरिया’ या दरवाजाचा काही भाग शहराच्या रस्त्यावर उभा आहे. लेगियन आल्यावर प्रांताचा दर्जाही वाढला. तिचा सेनेटर दर्जाचा सेनापतीच यापुढे राज्यपाल म्हणून काम पाहू लागला, आणि त्याचे आसन आउग्सबुर्ग येथेच राहिले.

सीमेवरची माणसे

भिंत म्हणजे बंद दार, अशी समजूत येथे लागू पडत नाही. इ.स. ९८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मानिया’ या ग्रंथात टॅसिटस सांगतो की, हर्मुंदुरी या जर्मानिक जमातीला रेतियात विशेष सवलत होती. इतर जमातींना व्यापार करायचा तर सीमेवरच करावा लागे. हर्मुंदुरींना मात्र नदीकाठापासून आत येऊन प्रांताच्या सर्वांत वैभवशाली शहरापर्यंत पहाऱ्याशिवाय फिरता येत असे. ते शहर म्हणजे आउग्सबुर्ग, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याच ग्रंथाच्या आरंभी टॅसिटस जर्मानियाच्या हद्दी सांगतो. पश्चिमेस आणि दक्षिणेस ऱ्हाइन व डॅन्यूब या नद्यांची नावे येतात, पण आग्नेयेकडे, डेशियन आणि सार्माती लोकांच्या बाजूला, त्याला नदी सापडत नाही. तेथे डोंगर आणि परस्परांविषयीची भीती हीच हद्द असल्याचे तो नोंदवतो.

सीमेवर पहारा देणारे सैनिक बहुतेक दूरदेशींचे होते. आयनिंगच्या छावणीत ब्रिटनमधून उभारलेली तुकडी होती, ग्नोट्सहाइमच्या छावणीत थ्रेसमधून, म्हणजे आजच्या बल्गेरियाच्या भागातून उभारलेली, तर वाइसेनबुर्गमध्ये स्पेनचे नाव धारण करणारे घोडदळ. या वाइसेनबुर्गमध्ये १८६७ मध्ये एक कांस्यपट सापडला. ३० जून १०७ या तारखेचा हा पट मोगेतिस्सा नावाच्या घोडेस्वाराला मिळालेला आहे. तो बोयी जमातीचा होता. त्याची बायको वेरेकुंदा गॉलमधील सेक्वानी जमातीची होती आणि मुलीचे नाव मात्रुल्ला. पंचवीस किंवा अधिक वर्षांच्या नोकरीनंतर सम्राट ट्राजनने त्याला आणि त्याच्या संततीला रोमन नागरिकत्व दिले आणि बायकोशी झालेल्या त्याच्या विवाहाला कायदेशीर मान्यता दिली, असे हा पट सांगतो.

मोगेतिस्साच्या हाती हा पट येईपर्यंत त्याचे लग्न रोमन कायद्याच्या लेखी लग्नच नव्हते. जर्मनीत २७ जून २०२४ पासून नागरिकत्वासाठीची निवासाची अट आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आली आणि मूळ नागरिकत्व सोडण्याची अटही गेली. भारताचा कायदा मात्र दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. त्यामुळे या निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मराठी कुटुंबांना त्या पटातील तीन नावांचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकाल्लाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २१३ मध्ये, तो रेतियाची सीमा ओलांडून पलीकडच्या जर्मानिक लोकांवर चालून गेला. आलेनजवळच्या डालकिंगेन येथील लीमेसचा दरवाजा याच सुमारास विजयकमानीच्या रूपात सजवला गेला असे मानले जाते. त्याचे अवशेष आज काचेच्या इमारतीत जतन केले आहेत. आत असलेल्यांना समान हक्क आणि बाहेर असलेल्यांशी युद्ध, हे दोन्ही निर्णय एकाच सम्राटाचे आणि केवळ एका वर्षाच्या अंतराने घेतलेले आहेत.

माघार, विभागणी आणि शेवट

तिसऱ्या शतकाच्या मध्यास साम्राज्य अंतर्गत कलहाने पोखरले गेले आणि सीमेवरचे सैन्य इतरत्र हलवले गेले. १९९२ मध्ये आउग्सबुर्गमध्ये सापडलेली एक दगडी विजयवेदी या काळावर थेट प्रकाश टाकते. इटलीवर धाड घालून हजारो कैदी घेऊन परतणाऱ्या युथुंगी लोकांना २४ आणि २५ एप्रिल २६० रोजी रेतियाच्या राज्यपालाने गाठले, पराभूत केले आणि कैद्यांची सुटका केली, असे तिच्यावर कोरले आहे. लढणाऱ्यांत प्रांताचे सैनिक होते, जर्मानियातून आलेले सैनिक होते आणि स्थानिक रहिवासीही होते. तो राज्यपाल त्या वेळी रोमविरुद्ध उभ्या राहिलेल्या पोस्तुमुसच्या बाजूचा होता. पुढे सत्ता पालटली तेव्हा दोघांची नावे दगडावरून खोडून काढण्यात आली. जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांतील बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या छापावर गौतमीपुत्राने आपला छाप मारला आहे, तीच ही रीत.

विजय मिळाला, पण भिंत हातची गेली. लीमेस सोडून देण्यात आली आणि सीमा पुन्हा डॅन्यूबवर आली. पश्चिमेकडे ती इलर नदी आणि बोडनझे यांच्या आधाराने ऱ्हाइनला जोडण्यात आली. सम्राट डायोक्लेशियनच्या काळातील पुनर्रचनेत प्रांताचे दोन भाग झाले. डोंगरातला ‘पहिला रेतिया’, राजधानी खुर, आणि पठारावरचा ‘दुसरा रेतिया’, राजधानी आउग्सबुर्ग.

शेवट कसा झाला त्याचे चित्र संत सेव्हेरिनसच्या चरित्रात आहे. त्याचा शिष्य युजिपियस याने ते इ.स. ५११ च्या सुमारास लिहिले. रोमन सत्ता होती तोवर सीमेवरच्या सैनिकांना सरकारी पगार मिळे, असे तो सांगतो. पगार थांबले तशा तुकड्या विसर्जित झाल्या. बटाविसची तुकडी मात्र टिकून होती. तिच्यातील काही जण शेवटचा पगार आणण्यासाठी इटलीकडे निघाले आणि वाटेत मारले गेले. त्यांची प्रेते नदीने परत आणून दिली तेव्हा ही बातमी पासाउला कळली.

आजच्या खुणा

रोमन राज्य गेल्यावर भूमी आणि नाव यांची फारकत झाली. पठारावर आलेमानी आणि बवेरियन लोक वसले आणि तेथे रेतिया हे नाव वापरातून गेले. डोंगरात, खुरच्या धर्मपीठाभोवती, ते टिकले. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन परगण्यातील लोकलॅटिनोद्भव भाषेला रेटोरोमान म्हणतात आणि १९३८ च्या जनमतानंतर ती स्वित्झर्लंडची चौथी राष्ट्रभाषा झाली. तेथील लाल आगगाड्यांच्या रेल्वेचे नाव ‘रेटिशे बान’ आहे. बवेरियातही लॅटिन बोलणाऱ्यांची आठवण ठिकाणांच्या नावांत उरली. जर्मनभाषक त्यांना ‘वाल्खेन’ म्हणत आणि वाल्खेनझे सरोवराचे नाव त्यावरूनच आले.

भिंतीचे दगड गावकऱ्यांनी घरे, चर्च आणि गोठे बांधायला नेले. ती कोणी बांधली याचा विसर पडला आणि तिला ‘टॉयफेल्समाउअर’, म्हणजे सैतानाची भिंत, हे नाव मिळाले. एका रात्रीत, कोंबडा आरवायच्या आत, कुंपण घालता येईल तेवढी जमीन सैतानाला मिळणार होती, काम अपुरे राहिले म्हणून त्याने रागाने भिंत पाडली, अशी कथा सांगितली जाई. मेढेकोटाची आठवण पफालहाइम, पफालडोर्फ अशा गावांच्या नावांत राहिली. ‘पफाल’ म्हणजे खांब.

१८९२ मध्ये थिओडोर मोमसेन यांच्या पुढाकाराने लीमेसच्या संशोधनासाठी शासकीय आयोग नेमला गेला. त्याने सीमेचे टप्पे पाडून बुरुजांना दिलेले क्रमांक आजही वापरात आहेत. २००५ मध्ये या सीमेचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तेव्हा इंग्लंडमधील हेड्रियनची भिंत आणि लीमेस मिळून ‘रोमन साम्राज्याच्या सीमा’ हे एकच स्थळ झाले. २०२१ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकिया यांतील डॅन्यूबकाठच्या सीमेला आणि २०२४ मध्ये रुमानियातील डेशियाच्या सीमेला वारसा दर्जा मिळाला. डॅन्यूबच्या माळेतील दुवे आता पुन्हा एका यादीत येत आहेत.

श्टुटगार्टच्या बाजूने येणाऱ्यांना रोटेनबाखची दरी, आलेनचे लीमेस संग्रहालय आणि डालकिंगेनचा दरवाजा एका दिवसात पाहता येतात. आलेन येथे आल्प्सच्या उत्तरेकडील सर्वांत मोठी घोडदळाची छावणी होती. म्युनिक किंवा न्युर्नबेर्गहून वाइसेनबुर्ग सोयीचे पडते. तेथे १९७७ मध्ये उजेडात आलेले स्नानगृह आणि १९७९ मध्ये सापडलेला देवमूर्तींचा खजिना प्रसिद्ध आहे. केल्हाइमजवळच्या आयनिंग येथे छावणीचे पाये उघड्यावर पाहता येतात, आणि डॅन्यूबच्या पलीकडच्या काठावर, हीनहाइमजवळ, १६६ किलोमीटरची भिंत नदीला येऊन मिळत होती. तेथून पुढे, काळ्या समुद्राच्या दिशेने, रोमन साम्राज्याची सीमा पुन्हा मुख्यतः नदीच होती.